निवारा आपल्याच गल्लीत हवा



थंडी पडायला लागली की आमच्या निवारा केंद्राचा फोन खणखणू लागतो. "ताई, आमच्या मंडळाला ब्लँकेटं वाटायची आहेत. तुमच्याकडे बाया किती? रविवारी सकाळी सगळ्या हजर असतील ना? आणि एखादा फोटो काढला तर चालेल ना?" गेल्या हिवाळ्यात केंद्रात २६ बाया होत्या. संक्रांतीपर्यंत आमच्या कपाटात ७१ ब्लँकेटं जमली. त्याच आठवड्यात आमच्या एक आजी सरकारी दवाखान्यात भरती होत्या आणि त्यांच्याजवळ रात्री बसायला माणूस मिळत नव्हतं. तीन रात्री केंद्रात स्वयंपाक करणारी बाई दिवसभर राबून वर तिथे जाऊन बसली. चौथ्या रात्री मी बसले. पाचव्या रात्री कुणीच नव्हतं. आजी पहाटे गेल्या.

ब्लँकेटं देणाऱ्यांना नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांतलं एक आजींच्या अंगावरही होतं. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मनातून जात नाही. दोन हजार रुपयांची ब्लँकेटं देणारी मंडळं शहरात दहा निघतात, मग एका रात्रीची सोबत देणारी एक बाई का निघत नाही? आपण स्त्रियांचे गट चालवतो, मोर्चे काढतो, शिबिरं घेतो. त्या रात्री आपण कुठे होतो? हा अंक बेघर स्त्रियांवर काढायचं आम्ही ठरवलं ते या प्रश्नापोटी.

ती दिसत नाही, कारण ती लपते

बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फूटपाथवर झोपलेला पुरुष येतो. बाई अशी उघड्यावर पाठ टेकत नाही. तिला ते परवडत नाही. ती एस.टी. स्टँडवर बोचकं मांडीवर घेऊन बसते आणि कुणी हटकलं तर "पहाटेची गाडी आहे" म्हणून सांगते. दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटच्या नातेवाइकांमध्ये मिसळून जाते. देवळाच्या ओवरीत भजन संपल्यावरही रेंगाळते. रात्रभर चालत राहणाऱ्या आणि दिवसा बागेत झोपणाऱ्या बायाही मी पाहिल्या आहेत.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार माणसं बेघर असल्याची नोंद झाली. एका रात्रीत उघड्यावर जी सापडली तीच मोजली गेली. "पहाटेची गाडी आहे" म्हणणारी बाई त्या मोजणीत प्रवासी ठरली असणार. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे योजना आखताना वर्षानुवर्षं हेच जुने आकडे वापरले गेले.

आणि ही बाई येते कुठून? ती आभाळातून पडत नाही. आपल्या सल्ला केंद्रात जी बाई "नवरा घराबाहेर काढतो" असं सांगत येते, तिचीच ही पुढची पायरी. मधल्या काळात माहेर दोन महिने ठेवून घेतं, मग भावजय कुरकुरते. बहिणीकडे पंधरा दिवस जातात. कामाच्या ठिकाणी ओट्याखाली पथारी पडते. एकेक दार बंद होत जातं आणि शेवटी स्टँड उरतं. विधवा, टाकलेली, मूल न झालेली, वेडाचे झटके येणारी, म्हातारपणी मुलांना नकोशी झालेली, पंधराव्या वर्षी घरातून पळालेली: कारणं वेगळी असली तरी एक गोष्ट समान आहे. ज्या घरात तिनं जन्म काढला, त्या घराच्या कागदावर तिचं नाव नव्हतं. पुरुष कामधंदा गेला म्हणून बेघर होतो. बाईचं मात्र एक नातं तुटलं की डोक्यावरचं छप्परच जातं.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक मावशी केंद्राच्या दारात आल्या. एका खानावळीत अकरा वर्षं पोळ्या लाटत होत्या आणि तिथेच झोपत होत्या. २०२० च्या टाळेबंदीत खानावळ बसली ती पुन्हा उघडलीच नाही. तेव्हापासून त्यांचं सगळं आयुष्य एका पिशवीत होतं. आधार कार्ड हरवलेलं. आमच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर नियम लिहिलेला होता: ओळखपत्र किंवा पोलिसांचं पत्र. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, नियम पाळणारी बाई. मी म्हटलं, "मावशी, चौकीतून तेवढं पत्र घेऊन या, मग बघू."

त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. परत आल्या त्या अकरा दिवसांनी, आमच्याच एका मैत्रिणीला स्टँडवर दिसल्या म्हणून. त्या अकरा रात्री कुठे काढल्या हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारण्याचं तोंड मला उरलं नव्हतं. रात्री नऊ वाजता एकट्या बाईला पोलीस चौकीत पाठवण्यात काय अर्थ होता? जिच्याकडे कागद नाही, तिलाच तर निवारा लागतो. त्या दिवशी आम्ही नियम बदलला. आधी जेवण आणि पाठ टेकायला जागा, कागद सकाळी. मावशी आज आमच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख आहेत आणि पगार घेतात. तरी ते अकरा दिवस माझ्या खात्यावर लिहिलेले आहेत.

निवारा हे दान नाही

डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत ऐन थंडीत पुसा रोडच्या चौकातला बेघरांचा तंबू पालिकेनं पाडला. त्यानंतर अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये आदेश दिले: मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा हवा, तो वर्षभर आणि चोवीस तास उघडा हवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. दर लाख लोकसंख्येमागे १०० माणसांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, बायांसाठी वेगळे निवारे, आणि तेही स्टेशन, स्टँड, बाजार अशा ठिकाणांजवळ, असे तिचे निकष होते. ते अभियान २०२४ मध्ये संपलं. माणसं मात्र रस्त्यावर आहेतच, आणि न्यायालयानं सांगितलेली जबाबदारीही संपलेली नाही.

आपल्या शहराची लोकसंख्या पाच लाख असेल तर पाच निवारे व्हायला हवेत. किती आहेत? त्यांतले बायांसाठी किती? हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपयांचा अर्ज पुरतो. महापालिकेत महिला व बालकल्याण समिती असते. तिच्यासाठी अंदाजपत्रकात ५ टक्के तरतूद करायची असते. त्यातून शिलाई यंत्रं वाटली जातात, सहली निघतात. निवाऱ्याला किती गेले, हेही विचारायला हवं.

समाजानं मदत करावी असं म्हणताना मला एक भीती वाटते. आपण मदत केली की सरकार अंग काढून घेतं. म्हणून हे स्पष्ट असू दे: इमारत, पाणी, वीज, जेवण, कर्मचाऱ्यांचे पगार ही महापालिकेची आणि शासनाची जबाबदारी. ती आपण उचलायची नाही, मागायची. आपण द्यायचं ते जे कुठलंही अनुदान देऊ शकत नाही. शेजार.

अर्जावरच्या सह्या

शेजाराचा अनुभव मात्र सोपा नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतून महापालिकेकडे अर्ज गेला: "येथे मनोरुग्ण व अनोळखी स्त्रिया ठेवल्या जातात, परिसरात लहान मुले आहेत, तरी सदर केंद्र अन्यत्र हलवावे." खाली ४३ सह्या होत्या. मी वाचत गेले आणि दोन नावांवर थांबले. दोघी आपल्या गटाच्या सभासद. आठ मार्चच्या फेरीत पुढे चालणाऱ्या.

मला फार राग आला. बैठकीत मी वाटेल ते बोलले. मग एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, "तू रागावून झालं असेल तर एकदा त्यांच्या घरी जाऊन ये." मी गेले. त्यांतल्या एकीनं चहा दिला आणि सांगितलं, की आमच्याकडची एक मुलगी सलग तीन रात्री ओरडत होती आणि तिचा सहा वर्षांचा नातू भीतीनं झोपत नव्हता. केंद्रामागचं गटार तुंबून त्यांच्या अंगणात येत होतं. "तुमच्याकडे कुणाला सांगायचं तेच कळेना," ती म्हणाली. "सही मागायला आले, केली."

खरं होतं ते. आम्ही दोन वर्षं त्या गल्लीत राहत होतो आणि एकाही घरी जाऊन ओळख करून दिली नव्हती. आम्ही दारावर फोन नंबर लावला. गटारासाठी गल्लीतल्या बायांबरोबर मिळून वॉर्ड ऑफिसात चार खेटे घातले. ओरडणाऱ्या मुलीला मानसोपचार सुरू झाले. संक्रांतीला हळदीकुंकू न करता सगळ्यांसाठी तिळगूळ ठेवला: विधवा, टाकलेल्या, कुमारिका, सगळ्याजणी एका सतरंजीवर. गल्लीतल्या अकराजणी आल्या. दुसऱ्या सभासद मात्र आजही येत नाहीत. समोर आल्या तर रस्ता ओलांडतात. तरीही पुढच्या वेळी अर्ज फिरला तेव्हा सह्या जमल्या नाहीत.

सगळ्यांनाच निवारा हवा असतो, पण दुसऱ्याच्या गल्लीत. गावाबाहेर, डेपोच्या मागे, कचराडेपोजवळ. तिथे बाई सुरक्षित नसते, तिला काम मिळत नाही, दवाखाना लांब पडतो. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते राहत्या वस्तीत. गाडगेबाबांनी लोकांच्या वर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या त्या पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे, जिथे माणूस थकून येतो तिथेच. हा वारसा आपला आहे. तो भाषणात सांगायचा आणि गल्लीत नाकारायचा, असं कसं चालेल?

मग करायचं काय?

गटांकडून पत्रं येतात, "आम्ही काय करू शकतो?" अनुभवातून जे सुचतं ते सांगते.

पहिलं, *सोबत*. प्रत्येक गटानं दवाखान्यात सोबत करणाऱ्या बायांची पाळी लावावी. दहाजणी असल्या तर एकीच्या वाट्याला महिन्यातून एखादी रात्र येईल. रुग्णाजवळ "तिचं माणूस" बसलेलं असलं की तिच्याकडे लक्ष दिलं जातं, हे आपण सगळ्याच जाणतो.

दुसरं, *कागद*. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालता येतं. तो जिथे झोपतो ते ठिकाण अर्जात लिहायचं. मतदान केंद्र अधिकाऱ्यानं एकाहून अधिक रात्री तिथे जाऊन खात्री करायची, मग पत्त्याचा दुसरा पुरावा लागत नाही. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र आधार नोंदणीला चालतं. नियम आहेत, पण खिडकीवरच्या माणसाला ते माहीत नसतात आणि एकटी बाई दोनदा हाकलली की तिसऱ्यांदा जात नाही. तिच्याबरोबर जाणं, रांगेत उभं राहणं, नियमाचा कागद पुढे करणं हे काम शाळा सोडल्याला वीस वर्षं झालेली बाईही उत्तम करते. १९८० च्या दशकात परित्यक्तांची चळवळ उभी राहिली तेव्हा स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड ही तिची एक मोठी मागणी होती. कागदाचं मोल आपल्या चळवळीला नव्यानं सांगायला नको.

तिसरं, *कायद्याचं कवच*. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याची व्याख्या इतकी ढिली आहे की भीक न मागताही, केवळ उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी वावरते म्हणून बाईला पकडता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. आपल्याकडे तशी मागणी जोर धरायला हवी. उलट २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा बाईच्या बाजूचा आहे. मानसिक आजार असलेली व्यक्ती भटकताना आढळली तर तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि तिला कोठडीत ठेवता येत नाही. ही कलमं मोठ्या अक्षरांत लिहून आपल्या चौकीत लावून घ्या.

चौथं, *काम आणि दाम*. निवाऱ्यातल्या बाईला "बिचारी" म्हणून घरकामाला नेऊन जुन्या साड्यांवर राबवून घेणारी सुशिक्षित घरं मी पाहिली आहेत. काम द्या, पण चालू दरानं, आठवड्याच्या सुट्टीसह, आणि पैसे तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात.

पाचवं, *देखरेख*. निवाऱ्याची व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात बायांच्या गटाची प्रतिनिधी आणि निवाऱ्यात राहणारी बाई, दोघी असाव्यात हा आग्रह धरा. निवारागृहांच्या बंद दारांमागे काय काय घडतं हे देशानं पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ज्या निवाऱ्यात शेजारणींची रोजची ये-जा असते तिथे अत्याचार लपवणं अवघड जातं. आमच्याही केंद्रात या, प्रश्न विचारा, रजिस्टर बघा. आम्हाला राग येणार नाही, आणि आला तरी या.

वस्तूच द्यायच्या असतील तर आधी फोन करून काय हवं ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येईल: आतले नवे कपडे, पाळीचे पॅड, चपला, चष्म्याचे पैसे, रक्तदाबाच्या गोळ्या. आणि फोटो नको. जी बाई नवऱ्यापासून जीव वाचवून आली आहे, तिचा चेहरा तुमच्या मंडळाच्या अहवालात छापला तर तिचा पत्ता त्याच्यापर्यंत पोचतो.

दार आतून उघडं ठेवू या

शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. निवारे कितीही काढले तरी पुरणार नाहीत, जोवर घरं बायांना बाहेर ढकलत राहतील. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सामायिक घर ठरू शकतं. आपल्या सल्ला केंद्रात बाई आली की आपण पोटगीचं बघतो, समेटाचं बघतो. "आज रात्री तू कुठे झोपणार?" हा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारतो का? आणि "तुझं सामान, तुझे कागद कुठे आहेत?" हा दुसरा? गावातल्या घराची नोंद "घर दोघांचे" या शासन निर्णयानुसार दोघांच्या नावे करता येते. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हात वर करून मोजा, किती जणींच्या घराला त्यांचं नाव आहे. बहुतेक हात खालीच राहतील. आपणही त्या स्टँडपासून फार लांब नाही, हे तेव्हा कळेल.

म्हणून ही विनंती. या अंकाचं वाचन झाल्यावर तुमच्या गटानं एक ठराव करावा आणि तो आम्हाला कळवावा: आमच्या शहरात बायांसाठी निवारा आहे की नाही, असल्यास आम्ही तिथे कधी गेलो, नसल्यास कुणाकडे मागितला. पुढच्या अंकात ती पत्रं छापू.

गेल्या महिन्यात मावशींना ताप आला, दवाखान्यात ठेवावं लागलं. तीन रात्रींची पाळी लागली. दुसऱ्या रात्री कोण बसली? अर्जावर सही करणारी, चहा देणारी ती आमची मैत्रीण. घरून भाताची पेज घेऊन आली होती. मावशी आता बऱ्या आहेत आणि पेजेत मीठ कमी होतं अशी तक्रार करतात.

तुमच्या पत्रांची वाट पाहतो आहोत.